अन्नातून होणारी विषबाधा: कोणता जंतू, किती तासांनी, आणि घरी नेमकं काय करायचं

"शिळं आहे, पण खळखळून गरम केलंय, काही होत नाही." ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागामुळे दरवर्षी लग्नाच्या पंगती, शाळेच्या सहली आणि सप्ताहाचे प्रसाद थेट दवाखान्यात पोचतात. उकळीने जंतू मरतात हे बरोबर. पण काही जंतू मरण्याआधी अन्नात विष सोडून जातात, आणि त्यातली काही विषं उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. म्हणून अन्न किती गरम केलं याच्याइतकंच ते शिजल्यापासून किती वेळ कोमट राहिलं हे महत्त्वाचं आहे. या लेखातला बराचसा भाग त्या कोमट वेळेबद्दल आहे. उरलेला भाग आजारी माणसाला काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही याबद्दल.

आजाराचे तीन मार्ग

पहिल्या प्रकारात विष अन्नातच तयार झालेलं असतं. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि बॅसिलस सेरियस हे दोन जंतू हे काम करतात. पोटात जातं ते तयार विष, त्यामुळे उलट्या काही तासांतच सुरू होतात आणि बहुधा दिवसभरात थांबतात. इथे अँटिबायोटिक घेऊन काहीच साधत नाही, कारण मारायला जंतू नसतोच.

दुसऱ्या प्रकारात जिवंत जंतू पोटात जातो आणि आतड्यात पोचल्यावर विष बनवतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, कॉलरा आणि प्रवासातल्या जुलाबांना कारण होणारे ई. कोलाय या गटात येतात. ताप सहसा नसतो, जुलाब पाण्यासारखे होतात.

तिसऱ्या प्रकारात जंतू आतड्याच्या अस्तरातच शिरतो. साल्मोनेला, शिगेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे असे जंतू. यात ताप येतो, मुरडा येतो, शौचात आव किंवा रक्त दिसतं. टायफॉइडचा साल्मोनेला त्याच्याही पुढे जाऊन रक्तात उतरतो.

घड्याळावरून अंदाज

त्रास सुरू झाला की बहुतेक जण शेवटचं जेवण आठवतात आणि त्यालाच दोष देतात. पुष्कळदा तो अंदाज चुकतो. म्हणून तास मोजा.

अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत, जोरदार उलट्या, ताप जवळजवळ नाही: स्टॅफिलोकोकस किंवा भातातला बॅसिलस सेरियस. सहा ते चोवीस तासांत पोटात कळा आणि जुलाब, उलटी आणि ताप नाही: परफ्रिंजेन्स, किंवा बॅसिलस सेरियसचाच जुलाबाचा प्रकार. बारा ते छत्तीस तासांनी ताप, कळा, जुलाब: साल्मोनेलाचा संशय आधी घ्यावा, कधीकधी त्याला जास्त दिवसही लागतात. शिगेला एकदोन दिवसांनी दिसतो, कॅम्पिलोबॅक्टर दोन ते पाच दिवसांनी. टायफॉइडला साधारण एक ते तीन आठवडे लागतात, त्यामुळे आज ताप आला म्हणून कालच्या पाणीपुरीला जबाबदार धरता येत नाही. लिस्टेरियाला तर काही आठवडेही लागू शकतात. तो विरळा असला तरी गरोदर बाईच्या बाळाला घातक ठरतो, आणि फ्रीजच्या थंडीतही वाढतो.

भात, रस्सा आणि खवा

एकच नियम तिघांना लावला तर फसगत होते, म्हणून हे तीन पदार्थ नीट पाहू.

कच्च्या तांदळावर बॅसिलस सेरियसचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले जंतू, असतातच. भात शिजताना ते मरत नाहीत. भात निवू लागला, कोमट झाला की ते उगवतात, वाढतात आणि सेर्युलाइड नावाचं विष तयार करतात. हे विष १२१ अंश सेल्सिअसला दीड तास ठेवलं तरी टिकतं, म्हणजे कुकरच्या शिट्ट्यांनीही जात नाही. सकाळचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर राहिला आणि मग त्याला चांगली चरचरीत फोडणी दिली, तर जंतू मेले आणि विष तसंच ताटात आलं. शिळ्या भातात वाईट काही नाही. वाईट आहे ते ओट्यावरचे तास.

उरलेला भात ठेवायचा असेल तर असा ठेवा. जेवणं आटोपताच पातेल्यातून काढून परातीत दोन बोटं जाडीचा थर पसरा, पंख्याखाली निववा आणि तासाभरात उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. भरलेलं पातेलं तसंच फ्रीजमध्ये सारलं तर वरचा थर गार लागतो, पण मधला भाग कित्येक तास कोमटच राहतो. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच भात काढा, एकदाच वाफ येईपर्यंत गरम करा. उरला तर टाका.

मटणाच्या रश्शात गोष्ट वेगळी. मोठ्या टोपात उकळीमुळे हवा निघून जाते आणि प्राणवायू नको असलेल्या परफ्रिंजेन्सला हवी तशी जागा मिळते. त्याचे बीजाणू उकळीतून वाचतात आणि रस्सा ४३ ते ४७ अंशांवर आला की जंतू सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. त्या वेगाने एकाचे दोन तासांत चार हजारांहून अधिक होतात. तीस लिटरचा टोप झाकण लावून ठेवला तर या तापमानातून खाली यायला त्याला तासन्‌तास लागतात. मात्र हा जंतू अन्नात विष ठेवून जात नाही, त्यामुळे इथे उकळी खरोखर उपयोगाची आहे. वाढण्याआधी रस्सा तळापर्यंत ढवळत खदखदू द्या, नुसत्या कडेला बुडबुडे आले म्हणजे झालं नाही.

खवा, पेढे, बासुंदी आणि पनीर यांत धोका येतो तो हातांतून. स्टॅफिलोकोकस निरोगी माणसाच्या नाकात आणि त्वचेवरही असतो, पिकलेल्या जखमेत तर भरपूर. बऱ्याच जंतूंना साखर आणि मीठ सोसत नाही, याला सोसतं. खवा कढईत आटताना जंतू मरतात. नंतर तो उघड्या हातांनी मळला, टोपलीत भरला आणि बसच्या टपावरून शहरात आला की नव्याने लागण होते. पदार्थाचा वास किंवा रंग बदलत नाही, म्हणून "वास तर चांगला येतोय" हा निकष इथे निरुपयोगी आहे. गणपती-दिवाळीत खवा घ्यायचा तर फ्रीजमध्ये ठेवलेलाच घ्या आणि त्याच दिवशी वापरा. बोटाला कापलं असेल त्याने मोदकाचं सारण, पेढे, कोशिंबीर यांना हात लावू नये. पट्टी आणि वर हातमोजा असेल तर चालेल.

बाकीचे नेहमीचे संशयित

कोंबडी नळाखाली धुण्याची सवय सोडायला हवी. धारेबरोबर उडालेले शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर आणि धुतलेल्या ताटांवर बसतात, आणि कॅम्पिलोबॅक्टर थोडासाही पुरतो. धुतल्याशिवाय मन मानत नसेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा, ते पाणी सावकाश ओता आणि सिंक साबणाने घासा. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळा ठेवा. शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. हाडाजवळचा सर्वांत जाड भाग ७४ अंशांपर्यंत पोचायला हवा. टोचून तापमान दाखवणारा डिजिटल थर्मामीटर वारंवार मांसाहार होणाऱ्या घरात जरूर असावा.

कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमधून साल्मोनेला पसरतो. याच कारणाने केरळने २०२३ मध्ये आणि तेलंगणाने २०२४ मध्ये त्यावर बंदी घातली. शोरमा-मोमोच्या गाडीवर मेयोनीजची बाटली उन्हात उभी असेल तर ते न घेतलेलंच बरं.

मोड आलेली कडधान्यं हा आपल्याकडे पौष्टिकाचा मुकुटमणी. पण ज्या उबेत आणि ओलाव्यात मोड येतात, त्यातच जंतूही वाढतात, आणि ते बियांच्या आतल्या फटींत असले तर धुऊन जात नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली. पन्नासहून अधिक माणसं दगावली आणि माग लागला तो मेथीच्या मोडांपर्यंत. मटकीची उसळ शिजवल्यामुळे सुरक्षित असते. कच्च्या मोडांची कोशिंबीर मात्र लहान मुलांना, गरोदर बायकांना आणि वृद्धांना देऊ नका, त्यांच्यासाठी मोड वाफवून घ्या.

ओल्या नारळाची चटणी शिजत नाही, आंबटपणाही फारसा नसतो आणि दिवसभर गाडीवर उघडी असते. घरी ती लागेल तेवढीच वाटावी, दोन तासांत संपवावी किंवा फ्रीजमध्ये ठेवावी.

किनाऱ्यावरच्या घरांत तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं पूर्ण शिजवूनच खावीत, समुद्राच्या पाण्यातला व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस त्यांतून येतो. बांगडा आणि टुनाची गोष्ट निराळी. बर्फाविना राहिलेल्या या मासळीत जंतू हिस्टामिन तयार करतात. तळूनही ते जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. लोक त्याला मासळीची अॅलर्जी समजतात आणि आयुष्यभर बांगडा सोडतात. दोष मासळीचा नसतो, न घातलेल्या बर्फाचा असतो.

उपासाच्या भगरीमुळे होणारी विषबाधा बहुतांशी बुरशीच्या विषामुळे होते, जंतूंमुळे नाही, तरी सावधगिरी तितकीच हवी. सुटी भगर किंवा भगरीचं तयार पीठ घेऊ नका. पाकिटावरची तारीख पाहा, भगर निवडून धुवा आणि पीठ लागेल तेव्हाच ताजं दळा.

पावसाळ्यात पिण्याचं पाणी उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या. उकळलेलं पाणी प्यायचं आणि सरबतात बाहेरचा बर्फ घालायचा, असं केलं तर उकळण्याचा उपयोग राहत नाही.

फ्रीज आणि वीज

शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. बाहेर ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एकच तास, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातल्या मार्च ते जूनमध्ये एकच तास धरून चाला. फ्रीज ५ अंशांवर किंवा खाली असावा. कच्चं मांस सर्वांत खालच्या कप्प्यात, झाकून. वीज गेली आणि दार उघडलं नाही तर फ्रीज साधारण चार तास थंडी धरून ठेवतो. त्यापुढे शिजलेलं अन्न, दूध, मांस टाकून द्यावं. जीव तुटतो, पण टाकावं.

आजारी माणसाला काय द्यायचं

पहिलं औषध पाणी, मीठ आणि साखर. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. पाजणारे बहुतेक रुग्णांचे नातेवाईकच होते.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. एक लिटरची रिकामी बाटली मापाला घ्या आणि अख्खं पाकीट एकाच वेळी घाला. सगळ्यांत मोठी चूक इथेच होते: पेलाभर पाण्यात अर्धं पाकीट ढवळून मुलाला पाजलं जातं. तसल्या दाट द्रावणाने रक्तातलं मीठ वाढतं आणि मूल आणखी बिघडतं. छोटी पाकिटं २०० मिलिलिटरसाठी असतात, पाकिटावर वाचूनच पाणी घ्या. कालवलेलं द्रावण २४ तासांनी फेका. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचे शिगोशीग भरू नका.

दुकानात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांत साखर जास्त, मीठ कमी, आणि जास्त साखरेने जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर 'ओआरएस' हा शब्द छापायला अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली. पाकिटावर तेच सूत्र लिहिलंय का ते पाहा.

किती द्यायचं? दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, मोठ्यांना तहान भागेल तेवढं. उलटी होणाऱ्या मुलाला पेला तोंडाला लावू नका, घटाघट प्यायलेलं सगळं परत येतं. चमच्याने द्या, मिनिटा-दोन मिनिटांना एक चमचा. उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश. तासभर चमचा घेऊन बसावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण पुष्कळ मुलांचं सलाईन यानेच टळतं.

पाच वर्षांखालच्या मुलाला जुलाबात झिंकही द्यावं: सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, त्याआधी १० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. जुलाब थांबले तरी कोर्स पुरा करा. अंगावरचं दूध बंद करू नका. पोट रिकामं ठेवल्याने आतडं लवकर बरं होत नाही. पेज, मऊ वरणभात, केळं, ताक द्या.

काय टाळायचं तेही सांगतो. ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी गोळी घेऊ नका, जंतू आणि विष आतच अडकतं. लहान मुलांना ती मुळीच नको. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची गोळी तर कधीच नको. बहुतेक विषबाधा त्याविना बऱ्या होतात, आणि रक्ताचे जुलाब घडवणारं शिगा नावाचं विष बनवणाऱ्या ई. कोलायमध्ये अँटिबायोटिकने मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढू शकतो. कॉलरा, शिगेलाचा मुरडा, टायफॉइड, किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाचा साल्मोनेला अशा वेळी औषध लागतं. ते कोणतं, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

टायफॉइडबद्दल एक आग्रह. ताप तीन दिवसांहून जास्त चढत राहिला तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, करून घ्या. टायफॉइडसाठीची विडाल ही रक्तचाचणी स्वस्त आणि सर्वत्र मिळते, पण तिच्यावर एकटीवर निदान करणं धोक्याचं, कारण आपल्याकडे ती खोटी पॉझिटिव्ह पुष्कळदा येते. जुन्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनला भारतातला टायफॉइडचा जंतू आता बहुतांशी दाद देत नाही, म्हणून जंतू कोणत्या औषधाला बधतो हे कळणं मोलाचं आहे.

घरी थांबू नका

शौचात रक्त, १०२ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, चमच्याने दिलेलं पाणीही न टिकणं, तीन दिवसांपुढे जुलाब. मुलाने सहा तासांत किंवा मोठ्याने आठ तासांत लघवी न करणं, डोळे खोल जाणं, पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसणं, झापड येणं, भांड्याने ओतावं तसे तांदळाच्या धुवणासारखे जुलाब. यातलं काहीही दिसलं की दवाखाना गाठा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, वाटेत ओआरएस पाजणं चालू ठेवा. तान्हं बाळ, गरोदर बाई, वृद्ध, मधुमेही आणि मूत्रपिंडाचा आजार असलेला माणूस यांच्या बाबतीत इतकी वाटही पाहू नये.

दोन लक्षणं वेगळी लक्षात ठेवा. रक्ताचे जुलाब थांबल्यावर आठवड्याभरात लघवी कमी झाली आणि चेहरा पांढराफटक पडला, तर मूत्रपिंडावर घाला आला असण्याची शक्यता असते. आणि पापण्या जड होणं, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं ही बॉट्युलिझमची, म्हणजे जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याच्या आजाराची, खूण. त्यात तासांना किंमत आहे. याच जंतूमुळे एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, गुटीतूनसुद्धा नाही.

मोठा स्वयंपाक असेल तर

फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाण्यात सप्ताहाच्या प्रसादानंतर शेकडो लोक आजारी पडले आणि दोऱ्या बांधून उघड्यावर सलाईन लावावं लागलं. एका वेळी इतकी माणसं आजारी पडली की कुठलंही ग्रामीण रुग्णालय अपुरं पडतं. म्हणून आयोजकांनी आचाऱ्याशी चवीआधी वेळ बोलावी. पंगत बाराला बसणार असेल तर मसालेभात पहाटे चारला तयार नको, अकराला हवा. एकदम सगळा न शिजवता दोन-तीन घाण्यांत शिजवावा. वाढेपर्यंत पदार्थ ६० अंशांच्या वर, म्हणजे हात लावता येणार नाही इतका गरम असावा. मठ्ठा आणि श्रीखंड बर्फात ठेवलेल्या भांड्यांत, तो बर्फ पदार्थात पडणार नाही असा. वाढप्यांसाठी साबण आणि नळ मांडवातच हवा. गेल्या दोन दिवसांत जुलाब झालेला माणूस, मग तो कितीही कसलेला आचारी असो, त्या दिवशी स्वयंपाकात नको. प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना स्वच्छ डब्यात, नाव-वेळ लिहून, ४८ तास फ्रीजमध्ये ठेवा.

त्रास झालाच तर उरलेलं अन्न घाईने गाडून टाकू नका. तोच पुरावा असतो. कोणी काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती वाजता सुरू झाला, आणि ज्यांना काही झालं नाही त्यांनी काय खाल्लं नाही, एवढं एका कागदावर लिहा. प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा टोल-फ्री क्रमांक १८००-११२-१०० आहे. आजारी पडलेल्या आचाऱ्याने किंवा वाढप्याने शेवटच्या जुलाबानंतर पूर्ण ४८ तास अन्नाला हात लावू नये. टायफॉइड झाला असेल तर शौचाची तपासणी निर्जंतुक आल्यावरच कामावर यावं, कारण बरं वाटू लागल्यावरही हा जंतू काही जणांच्या पित्ताशयात महिनोन्‌महिने राहतो.